वॉशिंग्टनच्या लॉबी कंपन्या : सरकारी पैसा कोणत्या वाटेने जातो

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आज मला दिलेला विषय परदेशातला आहे. अमेरिकेतल्या लॉबी कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांना केंद्र सरकारचा पैसा कसा मिळवून देतात, हे सांगायचे आहे. विषयपत्रिका वाचून एका साथीने सकाळीच विचारले, "महागाई भत्ता, पेन्शन, रिकाम्या जागा हे आपले प्रश्न सोडून अमेरिकेतल्या दलालांचे काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. त्याला माझे उत्तर असे की, सरकारी तिजोरीतून पैसा मागणारे सगळ्याच देशांत असतात. अमेरिकेत मात्र हे मागणे हा एक नोंदणीकृत धंदा आहे. फी किती घेतली, गिऱ्हाईक कोण, कोणत्या विधेयकासाठी खटपट केली, हे तिथे दर तीन महिन्यांनी लिहून द्यावे लागते. त्यामुळे त्या यंत्राचे झाकण उघडून आतली चाके पाहता येतात. आणि त्या चाकांशी तिथल्या रेल्वे कामगारांचा व पोस्टमनचाही दरवर्षी संबंध येतो.

आधी शब्दाविषयी. आपल्या लोको पायलट मंडळींना लॉबी म्हटले की साइन ऑन करायची जागा आठवेल. इथे लॉबी म्हणजे कायदेमंडळाच्या सभागृहाबाहेरची ओसरी. सभासद आत जाता-येता त्यांना गाठायचे ते या ओसरीत. राष्ट्राध्यक्ष ग्रँट एका हॉटेलात चिरूट ओढत बसत, तिथे त्यांना गाठणाऱ्यांवरून हा शब्द आला, अशी एक चटकदार गोष्ट वॉशिंग्टनमध्ये सांगतात. ती खरी नाही. शब्द त्याच्या बराच आधीचा आहे. आज हा धंदा 'के स्ट्रीट' या रस्त्याच्या नावाने ओळखला जातो. नोंदलेले लॉबीवाले बारा-तेरा हजारांच्या घरात आहेत आणि सर्व प्रकारच्या लॉबिंगवर अलीकडे वर्षाला ४०० कोटी डॉलरहून अधिक खर्च झाल्याचे त्यांच्याच विवरणपत्रांतून दिसते. कायदे करणारे सभासद किती? प्रतिनिधिगृहाचे ४३५ आणि सिनेटचे १००.

हे बेकायदा आहे का? नाही. सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा नागरिकांचा हक्क तिथल्या घटनेत १७९१ च्या पहिल्या दुरुस्तीनेच दिलेला आहे. पगारी माणूस ठेवून गाऱ्हाणे मांडले तरी तो हक्कच राहतो. तेव्हा लॉबिंग म्हणजे लाच असे सरसकट म्हणणे सोपे असले तरी बरोबर नाही. लाचेची प्रकरणे घडली आहेत, ती पुढे सांगतो. पण या धंद्याचा मुख्य माल वेगळाच आहे. सरकारच्या वर्षभराच्या कामात पैशाचा आकडा नेमका कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणाच्या हाताने लिहिला जातो ही माहिती, तो माल.

हे समजण्यासाठी त्यांच्या अर्थसंकल्पात आणि आपल्या अर्थसंकल्पात असलेला एक फरक लक्षात घेतला पाहिजे. आपल्याकडे सरकार मागण्या मांडते आणि संसद त्या बहुधा जशाच्या तशा मंजूर करते. विरोधी सभासद कपात सूचना देतो, भाषण करतो, सूचना फेटाळली जाते. म्हणून आपल्याकडे काम करून घ्यायचे तर लोक मंत्रालयात, रेल्वे बोर्डात खेटे घालतात. अमेरिकेत तसे नाही. राष्ट्राध्यक्ष फेब्रुवारीच्या सुमारास अंदाजपत्रक पाठवतो, पण ती केवळ सूचना असते. आकडे लिहिते तिथली काँग्रेस. (काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आपल्याकडचा पक्ष नव्हे.) कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही, असे घटनेचेच कलम आहे. दोन्ही सभागृहांच्या विनियोजन समित्या आहेत, प्रत्येकीच्या १२ उपसमित्या आहेत, आणि दर उपसमितीच्या हाती काही खात्यांचे पैसे आहेत. त्यामुळे एका उपसमितीच्या अध्यक्षाचे वजन आपल्याकडच्या मंत्र्याइतके असू शकते. लॉबीवाला मंत्रालय सोडून सभासदाच्या कचेरीकडे का धावतो, ते यावरून कळेल.

दुसरी गोष्ट. तिथे एखादी योजना दोनदा मंजूर व्हावी लागते. एकदा अधिकृत करणारा कायदा, म्हणजे योजना असावी आणि अमुक रकमेपर्यंत खर्च करता यावा. मग दरवर्षी विनियोजन, म्हणजे प्रत्यक्ष पैसा. रेल्वेतल्या मंडळींना हे चटकन समजेल. पिंक बुकात कामाचे नाव आले म्हणून गावात पेढे वाटले जातात, आणि नीट पाहावे तर नावासमोर नाममात्र एक हजार रुपये! अमेरिकेतही अशी नुसत्या नावाची कामे पुष्कळ असतात. नाव छापून आणणे हे लॉबी कंपनीचे अर्धे काम; नावासमोर आकडा आणणे हे उरलेले अर्धे.

अमुक गावाच्या अमुक कामाला इतके डॉलर, असे थेट नाव घालून ठेवलेल्या रकमेला तिथे 'इअरमार्क' म्हणतात. जनावर कोणाचे ते ओळखावे म्हणून त्याच्या कानाला खूण करीत, त्यावरून हा शब्द. कळपातले जनावर जसे खुणेने वेगळे निघते, तशी ही रक्कम सर्वसाधारण निधीतून वेगळी निघते. तिला स्पर्धा नाही, गुणवत्तेची छाननी नाही.

हा धंदा आजच्या रूपात कसा उभा राहिला, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. केनेथ श्लॉसबर्ग आणि जेराल्ड कॅसिडी हे दोघे सिनेटच्या पोषण व अन्नविषयक समितीचे नोकर होते. गरिबांना अन्न मिळावे यासाठी नेमलेली ती समिती, सिनेटर मॅकगव्हर्न तिचे अध्यक्ष. १९७५ मध्ये या दोघांनी नोकरी सोडून स्वतःची सल्लागार कंपनी काढली. पुढच्या वर्षी बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले झाँ मेयर. ते स्वतः पोषणशास्त्रज्ञ, समितीच्या कामामुळे ओळखीचे. त्यांना आपल्या विद्यापीठात पोषण संशोधनाचे मोठे केंद्र हवे होते. रूढ मार्ग असा की, अर्ज करावा, शास्त्रज्ञांच्या मंडळाने तो तपासावा, इतर विद्यापीठांशी तुलना व्हावी आणि जमल्यास पैसा मिळावा. कॅसिडी-श्लॉसबर्ग यांनी दुसरी वाट दाखवली : केंद्राची तरतूद कायद्यातच करून घ्या. टफ्ट्सच्या भागाचे प्रतिनिधी होते टिप ओनील, आणि १९७७ मध्ये ते प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले. पैसा मिळाला. वृद्धत्व आणि पोषण यांवर संशोधन करणारे ते केंद्र आज बॉस्टनमध्ये उभे आहे, आणि चांगले काम करते हेही सांगितले पाहिजे.

मग रांग लागली. एका विद्यापीठाला मिळाले की शेजारचे विद्यापीठ त्याच कंपनीच्या दारी. १९८३ मध्ये कोलंबिया आणि कॅथलिक विद्यापीठांना प्रयोगशाळांसाठी असाच थेट पैसा मिळाला तेव्हा शास्त्रज्ञांच्या संस्थांनी ओरड केली. पण ओरडणाऱ्यांपैकी काही विद्यापीठे पुढे स्वतःच गिऱ्हाईक झाली. दरमहा ठरावीक फी, काम होवो न होवो, अशी पद्धत पडली. यातली खोच अशी की, ज्या ज्ञानाच्या बळावर ही फी मिळे ते ज्ञान त्यांनी सरकारी नोकरीत, जनतेच्या पगारावर मिळवलेले होते. माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे.

आता कंपनी प्रत्यक्ष काय करते ते पाहू. समजा, एका लहान गावातून चाळीस मैलांची खाजगी मालगाडीची लाइन जाते. अमेरिकेत अशा लहान रेल्वे कंपन्या शेकड्यांनी आहेत. वाटेत नदीवर जुना लाकडी पूल. पुलावर कायमची कॉशन ऑर्डर, ताशी दहा मैल. गावातल्या धान्य कोठाराचा माल त्याच लाइनवर चालतो. पूल बंद पडला तर कोठार बंद, लाइन बंद, गँगमनपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची रोजी बंद. पूल नवा करायचा तर पैसा नाही.

कंपनी आधी विचारते, हा पूल कोणत्या खात्याच्या कोणत्या योजनेत 'बसतो'? एकच पूल रेल्वे सुरक्षेच्या योजनेत बसेल, पूरनियंत्रणात बसेल, ग्रामीण विकासातही बसेल. पुलाचे नाव काय ठेवावे हे त्यावरून ठरते. हिवाळ्यात दोन पानांचे टिपण तयार होते : काम काय, रक्कम किती, लाभ कोणाला, मतदारसंघात किती रोजगार. सभासदाच्या कचेरीत पंचवीस-तीस वर्षांची पोरे हे काम पाहतात. त्यांच्यापुढे अशा टिपणांचे ढीग असतात. ज्याचे टिपण त्यांच्याच नमुन्यात, त्यांच्याच भाषेत, मुदतीच्या आत येईल त्याचे काम पुढे सरकते. सभासदाचा मागणीअर्जही पुष्कळदा लॉबीवाला भरूनच देतो. वसंत ऋतूत गावाचा महापौर, कोठाराचा मालक यांना वॉशिंग्टनला नेऊन हिंडवायचे, काय बोलायचे ते आदल्या रात्री घोकून घ्यायचे. उन्हाळ्यात उपसमिती बसते. तेव्हा आकडा राहिला की गळाला ते पाहायचे. प्रतिनिधिगृहाने एक रक्कम घातली, सिनेटने दुसरी, तर मेळ घालताना पुन्हा तिथे हजर. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, पण विधेयके वेळेवर होणे दुर्मीळ. मग जुन्या आकड्यांवर काम चालू ठेवण्याचा तात्पुरता ठराव होतो.

समजा थेट रक्कम मिळाली नाही. मग अनुदानाची वाट. रेल्वे सुधारणेसाठी २०१५ च्या कायद्याने निघालेली 'क्रिसी' नावाची एक स्पर्धात्मक योजना आहे. लहान रेल्वे कंपन्यांना तीत अर्ज करता येतो. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने तिला पाच वर्षांसाठी ५०० कोटी डॉलर दिले. खर्चाचा निदान पाचवा हिस्सा अर्जदाराने उभा करायचा. खर्च आणि लाभ यांचे गणित मांडायचे : रस्त्यावरचे किती ट्रक कमी होतील, फाटकावरचे किती अपघात टळतील. सभासदांची शिफारसपत्रे जोडायची, त्यांचा मसुदाही लॉबीवाल्याचाच. अर्ज नामंजूर झाला तर अधिकाऱ्यांना भेटून कोठे कमी पडलो ते विचारायचे आणि पुढच्या वर्षी दुरुस्त करून पुन्हा लावायचा. यात गैर काय? काहीच नाही. पण ज्या गावाकडे अशी माणसे ठेवण्याची ऐपत नाही, त्याचा पूल अधिक मोडकळीला आलेला असला तरी मागे राहतो.

तिसरी वाट सर्वांत शांत, ती म्हणजे करसवलत. लहान रेल्वे कंपन्यांनी रुळांच्या देखभालीवर केलेल्या खर्चापैकी निम्मा, दर मैलामागे ३,५०० डॉलरच्या मर्यादेत, करातून वजा करण्याची सवलत २००४ च्या कायद्याने मिळाली. (२०२३ पासून निम्म्याऐवजी ४० टक्के.) तिजोरीतून पैसा बाहेर पडत नाही, तो आतच येत नाही, म्हणून अर्थसंकल्पाच्या चर्चेत कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण सवलत थोड्या थोड्या वर्षांची. मुदत संपे, खटपट करून पुन्हा वाढवून घ्यावी लागे. लाकडी स्लीपर पुरवणारे कारखानदारही या खटपटीत होते, हे ओघानेच आले. अखेर डिसेंबर २०२० मध्ये ती कायम झाली. सोळा वर्षे! लॉबीवाल्याच्या दृष्टीने मुदतीची सवलत ही दुभती गाय. कायम झाली की गाय आटली.

आता या धंद्याची काळी बाजू. १९८७ मध्ये महामार्ग विधेयकात दीडशेच्या आसपास इअरमार्क होते म्हणून राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो झुगारून विधेयक पास केले. २००५ च्या तशाच विधेयकात असे इअरमार्क सहा हजारांहून अधिक झाले, रक्कम सुमारे २,४०० कोटी डॉलर. त्यातला एक अलास्कातला. केचिकान नावाच्या गावाहून समोरच्या ग्राविना बेटावर पूल, २२ कोटी ३० लाख डॉलर. बेटावर विमानतळ होता, पण वस्ती पन्नासेक माणसांची, आणि फेरीबोट काही मिनिटांत पोहोचवत असे. वाहतूक समितीचे अध्यक्ष होते अलास्काचेच डॉन यंग. विधेयकाच्या लांबलचक नावाच्या शेवटी दोन अक्षरे अशी बसवली होती की त्यातून त्यांच्या पत्नीचे नाव निघावे! देशभर छी-थू झाली, राखीवपणा काढला गेला, पैसा मात्र अलास्काकडेच राहिला, आणि पूल कधी झालाच नाही.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे सभासद रँडी कनिंगहॅम यांनी संरक्षण कंत्राटदारांकडून २४ लाख डॉलरची लाच घेतल्याचे कबूल केले. ते संरक्षण खर्चाच्या उपसमितीवर होते. काँग्रेसची मुद्रा असलेल्या कागदावर त्यांनी हाताने दरपत्रक लिहिले होते : १ कोटी ६० लाखांच्या कंत्राटासाठी १ लाख ४० हजारांची बोट, त्यापुढे दर दहा लाखांमागे ५० हजार, आणि दोन कोटींच्या वर गेल्यास दर निम्मा. घाऊक गिऱ्हाइकाला सवलत! आठ वर्षे चार महिन्यांची शिक्षा झाली. २००६ च्या आरंभी जॅक एब्रामॉफ या लॉबीवाल्याने गुन्हा कबूल केला. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातींकडून त्याने आणि त्याच्या साथीदाराने काही कोटी डॉलर उकळले होते. जमातींनी ते दिले ते वॉशिंग्टनमध्ये आपले कोणी ऐकावे म्हणून.

मला त्याहून बोलके वाटते ते पीएमए ग्रूप या कंपनीचे प्रकरण. तिचा संस्थापक पॉल मॅग्लिओकेटी हा त्याच संरक्षण उपसमितीचा जुना कर्मचारी. कंपनीची गिऱ्हाइके संरक्षण सामान बनवणारी. उपसमितीच्या सभासदांना निवडणुकीसाठी देणग्या जात, गिऱ्हाइकांना इअरमार्क मिळत. यातले बहुतेक कायद्यात बसवलेले होते. तो सापडला तो देणगीच्या मर्यादेपायी : नातेवाईक आणि नोकर यांच्या नावाने देणग्या देऊन त्यांना ते पैसे तो परत करीत असे. २००८ मध्ये धाड पडली, कंपनी बंद झाली, २०११ मध्ये २७ महिन्यांची शिक्षा झाली. देणग्या त्याने मर्यादेत ठेवल्या असत्या तर? बहुधा कंपनी चालूच राहिली असती.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९८९ चा एक कायदा सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या नावाने ओळखला जातो : सरकारी अनुदान किंवा कंत्राट मिळवण्याच्या लॉबिंगसाठी सरकारनेच दिलेला पैसा वापरायचा नाही. त्यामागची गंमत अशी की, बर्ड वेस्ट व्हर्जिनियाचे, आपल्या राज्यात पैसा नेण्यात सर्वांत पटाईत. आणि त्यांच्याच राज्याच्या विद्यापीठाने त्याच कामासाठी कॅसिडीच्या कंपनीला फी दिली. आपण फुकट करतो त्या कामाचे कोणी पैसे घ्यावेत, हे त्यांना सहन झाले नाही. १९९५ च्या कायद्याने लॉबीवाल्यांना नोंदणी आणि विवरणपत्रे सक्तीची केली. २००७ मध्ये विवरण दर तीन महिन्यांनी आले, भेटवस्तूंवर बंधने आली, निवृत्त सिनेटरला लॉबिंगची मनाई दोन वर्षांची झाली, प्रतिनिधीला एक वर्षाचीच राहिली. वर्ष-दोन वर्षे थांबायचे, 'सल्लागार' म्हणून बसायचे, मग खुर्ची बदलायची. पळवाट उघड आहे.

या विवरणपत्रांचा उपयोग एकदा आपल्यालाही झाला. डिसेंबर २०१२ मध्ये आपल्या संसदेत गदारोळ झाला तो वॉलमार्टच्या अमेरिकेतल्या विवरणपत्रांवरून. २००८ पासून कंपनीने लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च केले होते, आणि ज्या अनेक विषयांसाठी खर्च केले त्यांत भारतातल्या बाजारपेठेत प्रवेश हाही एक होता. किरकोळ व्यापारातल्या परकी गुंतवणुकीचा वाद तेव्हा पेटलेला. सरकारला निवृत्त न्यायमूर्तींमार्फत चौकशी करावी लागली. आपल्याकडे लॉबिंगच्या नोंदणीचा कायदाच नाही, म्हणून आपल्या दारातली गोष्ट आपल्याला वॉशिंग्टनच्या कागदांतून कळली.

२०११ मध्ये काँग्रेसने इअरमार्क बंदच केले. दहा वर्षे बंद होते. लॉबी कंपन्या बंद पडल्या का? नाही. पत्रे, फोन, अनुदानाचे निकष आपल्या गिऱ्हाइकाला जुळतील असे घालून घेणे, हे चालूच राहिले. आणि निर्णय आणखी आडोशाला गेला. २०२१ मध्ये इअरमार्क नव्या नावाने परत आले, पण नियमांसह : मागणी सभासदाच्या नावानिशी जाहीर, स्वतःचा किंवा कुटुंबाचा आर्थिक संबंध नसल्याची लेखी हमी, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला थेट रक्कम नाही. २०२२ च्या आर्थिक वर्षात सुमारे पाच हजार कामे, ९०० कोटी डॉलरच्या आसपास. आपल्या उदाहरणातला पूल आता रेल्वे कंपनी मागू शकत नाही. मग गावाची नगरपालिका मागते. आणि पुष्कळदा नगरपालिकाच लॉबी कंपनी ठेवते. म्हणजे गावकऱ्यांच्या कराच्या पैशातून फी द्यायची, कशासाठी, तर त्याच गावकऱ्यांनी केंद्राला दिलेल्या करातला वाटा परत आणण्यासाठी! मार्च २०२५ मध्ये तर वर्षभराचा तात्पुरता ठरावच झाला आणि त्या वर्षाच्या साऱ्या इअरमार्क मागण्या एका फटक्यात गळाल्या. फी मात्र दरमहाची असते; ती परत मिळत नाही.

शेवटी, कामगारांनी या यंत्राचे काय केले ते सांगतो, कारण ते न सांगता गेलो तर नुसती निंदा करून गेलो असे होईल.

तिथले टपाल कामगार कायद्याने संप करू शकत नाहीत. मार्च १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या पोस्टमननी तो मोडून संप केला, दोन लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, निक्सन यांनी टपाल वाटायला सैनिक आणले. १९६८ आणि १९७४ चे आपले लढे ज्यांनी पाहिले वा घरात ऐकले, त्यांना चित्र डोळ्यांपुढे येईल. त्यातून सामुदायिक वाटाघाटीचा हक्क मिळाला, संपाचा नाही. तेव्हापासून त्यांची निम्मी लढाई काँग्रेसमध्ये चालते, आणि त्यांच्या संघटनाही लॉबिंगच्या नोंदवहीत रीतसर नोंदलेल्या आहेत.

२००६ च्या टपाल कायद्यात एक अट घातली गेली : निवृत्त होणाऱ्यांच्या भावी आरोग्य खर्चासाठी टपाल सेवेने आगाऊ पैसा बाजूला ठेवायचा, दहा वर्षे, वर्षाला सुमारे ५५० कोटी डॉलर. अर्थसंकल्पाच्या कागदावर तूट वाढलेली दिसू नये, हा त्यामागचा एक हेतू होता. त्याच कायद्यात मोठ्या प्रमाणावर टपाल टाकणाऱ्या कंपन्यांना हवी तशी दरवाढीवर मर्यादाही आली. एका हाताने उत्पन्न बांधले, दुसऱ्या हाताने खर्च लादला. २०१२ पासून टपाल सेवेला हे हप्ते भरणे जमेना. मग "पोस्ट तोट्यात आहे" अशी हाकाटी, कार्यालये बंद करा, शनिवारची डिलिव्हरी बंद करा. हे शब्द आपल्या कानांना नवे नाहीत. सोळा वर्षे संघटना एकच गोष्ट सांगत राहिल्या : तोट्याचा मोठा भाग पत्रांमुळे नाही, या कलमामुळे आहे. तो आकडा त्यांनी पाठ केला, प्रत्येक सभासदाला ऐकवला. पोस्टमन नाही असा मतदारसंघ नाही, हे त्यांचे भांडवल. एका सत्रात विधेयक पडले की पुढच्या सत्रात पुन्हा. अखेर व्यवस्थापन आणि मोठे टपाल-ग्राहक व्यापारी यांच्याशीही जुळवून घेतले. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात ३४२ विरुद्ध ९२, मार्चमध्ये सिनेटमध्ये ७९ विरुद्ध १९, आणि ६ एप्रिलला सही. कलम रद्द झाले, थकलेले ५,७०० कोटी डॉलर माफ झाले, आठवड्यात सहा दिवस डिलिव्हरी कायद्यात लिहिली गेली.

विमान कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी मार्च २०२० मध्ये हेच कमी वेळात केले. कोविडमध्ये विमान कंपन्यांनी मदत मागितली तेव्हा त्यांनी मदतीचे विधेयक लिहिले जात असतानाच आपले शब्द आत घातले : पैसा फक्त पगार आणि भत्त्यांसाठी, ३० सप्टेंबरपर्यंत कोणाला कमी करायचे नाही, वरिष्ठांच्या पगारावर मर्यादा, स्वतःचे शेअर विकत घ्यायचे नाहीत. मुदत संपताच १ ऑक्टोबरला दोन मोठ्या कंपन्यांनी तीस हजारांहून अधिक लोकांना घरी बसवले, तेव्हा त्या एका तारखेची किंमत सर्वांना कळली. डिसेंबरमध्ये मदत वाढली आणि माणसे परत कामावर घ्यावी लागली.

टपालाच्या त्या कायद्यालाही किंमत मोजावी लागली. पुढे निवृत्त होणाऱ्या टपाल कामगारांनी वयाला पात्र होताच सरकारच्या मेडिकेअर विम्यात नाव घालावे, त्याचा हप्ता भरावा, अशी अट मान्य करावी लागली. आधीच निवृत्त झालेल्यांना ती सक्तीची नाही, नव्यांना आहे. ही अट स्वीकारावी की नाही, यावर आपल्या टपाल शाखांतल्या साथींनी दुपारच्या सत्रात बोलावे असे मी सुचवतो. पेन्शनमध्ये जुने आणि नवे अशी फाळणी झाली की काय होते, ते तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता.